पावसाळ्यातील अन्नसाठा : ठेवावे काय, टाकावे काय?

मृग नक्षत्र लागले आणि दाजीपूरच्या बाजूने ढग उतरू लागले की राधानगरी परिसरातील दवाखान्यांत उलट्या-जुलाबाचे रुग्ण वाढू लागतात. पाणी गढूळ होते, माश्या वाढतात, ही कारणे आता सर्वांना ठाऊक आहेत. पाणी उकळून प्यावे हेही घरोघरी माहीत झाले आहे. परंतु रुग्णाला ‘काल काय खाल्ले होते?’ असे विचारले की बऱ्याच वेळा पाण्याऐवजी दुसरेच काहीतरी निघते. सकाळचा भात रात्री खाल्लेला असतो. बारशाची उरलेली बासुंदी दुसऱ्या दिवशी घरात वाटलेली असते. कधी डब्याच्या तळाशी राहिलेल्या शेंगदाण्यांचा कूट करून भाजीत घातलेला असतो. आणि मी त्याबद्दल बोललो की ठरलेले उत्तर मिळते, ‘डॉक्टर, वास तर काहीच येत नव्हता.’

हे उत्तर खरे असते. वास येत नव्हता म्हणूनच ते अन्न खाल्ले गेले. आपण अन्नाची परीक्षा नाकाने आणि जिभेने करतो, आणि नेमकी हीच परीक्षा अनेकदा अपुरी पडते. घरातील अन्न सुरक्षित कसे ठेवावे आणि कोणते अन्न बिनदिक्कत टाकून द्यावे, याविषयी आजच्या लेखात माहिती घेऊ.

वास का फसवतो?

अन्नात वाढणारे जंतू ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एक प्रकार अन्न नासवणारा. त्याच्यामुळे आमटी आंबते, भाजीला फेस येतो, दूध फाटते, वास सुटतो. दुसरा प्रकार माणसाला आजारी पाडणारा. हा दुसरा प्रकार बहुधा अन्नाचा रंग, चव किंवा वास बदलत नाही. म्हणजे वास येणारे अन्न खाऊ नये हे बरोबर. पण वास न येणारे अन्न चांगलेच असते, हे बरोबर नाही. चोराने दार वाजवले नाही म्हणून घरात चोर नाही असे आपण म्हणत नाही, तसेच हे आहे.

‘थोडे चाखून बघते’ ही सवयही धोक्याची आहे. काही विषे इतकी तीव्र असतात की थोडेसे अन्नही त्रास देण्यास पुरते. ज्या अन्नाविषयी मनात शंका आली, ते चाखायचे नाही.

मग ओळखायचे कसे? त्यासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात : अन्न किती वेळ बाहेर होते, त्यात ओलावा किती होता आणि ते किती गरम किंवा थंड होते. वेळ, ओलावा आणि तापमान या तीन साक्षीदारांची साक्ष नाकापेक्षा खरी असते.

वेळेचे गणित

साधारणपणे 5 ते 60 अंश सेंटिग्रेड या तापमानात जंतू वाढतात. आपल्या स्वयंपाकघरातील नेहमीचे तापमान त्यांना चांगलेच मानवते. अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एका जंतूचे एका तासात आठ होतात, दोन तासांत 64 होतात. चार तासांत ही संख्या चार हजारांवर जाते आणि सात तासांत वीस लाखांच्या पुढे! दुपारी बाराला उतरवलेला भात संध्याकाळी सातपर्यंत ओट्यावर झाकून ठेवला, तर त्यात काय घडू शकते याची कल्पना यावरून येईल.

म्हणून शिजवलेले ओले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये, हा नियम पाळावा. एप्रिल-मे महिन्यात पारा 32 अंशांच्या वर असताना ही मुदत एकच तास समजावी. दोन तासांच्या आत एकतर खाऊन संपवावे, किंवा फ्रिजमध्ये ठेवावे, किंवा वाफ निघेल इतके गरम ठेवावे.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. मोठ्या पातेल्यातील भात किंवा रस्सा वरून गार लागला तरी मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो. हीच ऊब जंतूंना हवी असते. त्यासाठी उरलेला भात परातीत पातळ पसरून लवकर निववावा आणि मग डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा. रस्सा, आमटी लहान लहान भांड्यांत काढावी. भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवले तर आणखी लवकर निवते. जत्रेच्या वेळी मटणाचा मोठा टोप रात्रभर तसाच झाकून ठेवून सकाळी पाहुण्यांना वाढण्याची पद्धत आहे, ती सोडावी. अशा टोपाच्या तळाशी, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ नावाचे जंतू वाढतात. जेवणानंतर सहा ते चोवीस तासांत पोटात कळा येऊन जुलाब सुरू होतात. तोपर्यंत पाहुणे आपापल्या गावी गेलेले असतात आणि दोष भलत्याच खाण्याला दिला जातो.

उकळले म्हणजे झाले का?

‘पुन्हा चांगले उकळून घेतले होते’ असेही अनेक जण सांगतात. उकळण्याने बहुतेक जंतू मरतात हे खरे. पण काही जंतू मरण्यापूर्वी अन्नात विष सोडून ठेवतात आणि ते विष उकळूनही नष्ट होत नाही. याची दोन उदाहरणे प्रत्येक गृहिणीला माहीत असावीत.

पहिले उदाहरण भाताचे. तांदळावर ‘बॅसिलस सिरियस’ या जंतूचे बीजाणू असतात. त्यांना चिवट बियांसारखे समजा. भात शिजतो, पण हे बीजाणू शिजत नाहीत. भात कोमट स्थितीत पडून राहिला की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. मग त्या भाताला कितीही फोडणी दिली, परतला, वाफवला तरी विष तसेच राहते. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत मळमळ व उलट्या सुरू होतात. आपला तालुका भाताचा. फोडणीचा भात हा आपला नेहमीचा नाश्ता. तो बंद करावा असे मी म्हणत नाही. रात्रीचा भात वेळेत निववून फ्रिजमध्ये ठेवलेला असेल, तर सकाळी त्याला चांगली फोडणी देऊन खाण्यास हरकत नाही. रात्रभर पातेल्यात राहिलेल्या भाताची मात्र गोष्ट वेगळी आहे.

दुसरे उदाहरण दुधाच्या पदार्थांचे. बासुंदी, पेढे, खीर, श्रीखंड यांना हात लागतात. आचाऱ्याच्या किंवा घरातील कोणाच्या बोटावर गळू असेल, नखुरडे झाले असेल किंवा नाक शिंकरून हात धुतले नसतील, तर ‘स्टॅफिलोकॉकस’ जंतू अन्नात उतरतात. यांचेही विष उष्णतेला दाद देत नाही. जेवणानंतर काही तासांतच जोराच्या उलट्या होतात. ज्याच्या हाताला जखम आहे त्याने स्वयंपाकात हात घालू नये, हा नियम पाळला तरी लग्नकार्यातील बरेच प्रसंग टळतील.

थोडक्यात, पुन्हा गरम करणे हा चांगल्या ठेवलेल्या अन्नासाठीचा उपाय आहे. वाईट ठेवलेल्या अन्नाचे त्याने प्रायश्चित्त होत नाही.

जुन्या पद्धतींमागील शास्त्र

आपल्या आजी-पणजींकडे फ्रिज नव्हता. तरीही वर्षाची बेगमी त्या करीत आणि ती टिकत असे. त्यांनी जंतूंना लागणाऱ्या गोष्टी काढून घेतल्या होत्या. जंतूला वाढण्यासाठी पाणी लागते. म्हणून पापड, कुरडया, सांडगे उन्हात कडकडीत वाळवले जात. सुकट-बोंबील मीठ व उन्हामुळे टिकतात. लोणच्यात मीठ, आंबटपणा व तेल यांचा एकत्र पहारा असतो. आंबलीत चांगले जंतू आंबटपणा तयार करतात आणि त्या आंबटपणात पुष्कळसे वाईट जंतू वाढू शकत नाहीत. खरपूस भाजलेली भाकरी दुसऱ्या दिवशी सकाळी चालते, पण तिच्याबरोबरची आमटी चालत नाही, याचे कारणही तेच. भाकरीत पाणी कमी आणि आमटीत भरपूर.

यातून घ्यायचा धडा असा की या पद्धती पूर्ण पाळल्या तरच उपयोगी पडतात. अलीकडे रक्तदाबामुळे लोणच्यात मीठ कमी घालतात. हेतू चांगला आहे, पण कमी मिठाचे लोणचे बाहेर टिकत नाही. ते थोडे करावे आणि फ्रिजमध्ये ठेवावे. खारट लोणचे वर्षभर ठेवून बेताने खाणे हा दुसरा मार्ग. लोणच्याच्या किंवा कांदा-लसूण चटणीच्या बरणीत ओला चमचा घालू नये, कारण त्या चमच्याबरोबर पाणी आत जाते आणि सगळा बंदोबस्त ढिला पडतो.

बुरशी : दिसते तेवढीच नसते

आपल्या भागात पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. भिंतींना ओल येते, मीठ पाणी सोडते, गुळाला पाझर फुटतो. बुरशीला याहून चांगले दिवस नाहीत. आणि बुरशीविषयीच आपल्याकडे सर्वांत अधिक गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज असा की बुरशी लागलेला भाग काढला की बाकीचे चांगले. आपल्याला वर दिसतो तो बुरशीचा फक्त फुलोरा. तिचे बारीक तंतू आत खोलवर गेलेले असतात. भाकरी, पाव, शिजलेला भात, दही, मुरांबा, पीठ यांसारख्या मऊ पदार्थांवर बुरशी दिसली तर सगळा पदार्थ टाकावा. गाजर, कोबी अशा घट्ट भाज्यांचा खराब भाग भोवतीच्या इंचभर चांगल्या भागासह कापून उरलेला वापरता येतो.

दुसरा गैरसमज असा की भाजले, तळले की बुरशीचे विष जाते. शेंगदाणे, मका, मिरची यांवर वाढणारी ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी ‘अफ्लाटॉक्सिन’ नावाचे विष तयार करते. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक दगावले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत हे विष सापडले. पक्ष्यांवर बेतलेली ही गोष्ट पुढे आपल्या देशात माणसांवर आली. 1974 साली गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या शेजारी जिल्ह्यांत काविळीची आणि पोटात पाणी होण्याची साथ पसरली. नोंद झालेल्या 397 रुग्णांपैकी 106 जण दगावले. कारण होते अवेळी पावसात भिजून बुरशी धरलेला मका. तो खाणारी कुटुंबे गरीब होती. घरात दुसरे धान्य नव्हते. ती भाकरी रोज भाजलीच जात होती, पण चुलीच्या तव्यावर हे विष पुरेसे नष्ट होत नाही.

एकदम मोठ्या प्रमाणात पोटात गेले तर असा प्रकार होतो. थोडे थोडे वर्षानुवर्षे जात राहिले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि ज्यांना ‘बी’ प्रकारची कावीळ आहे त्यांना तो कित्येक पटींनी अधिक असतो. आपल्या जेवणात शेंगदाण्याचा कूट व चटणी रोज असते. म्हणून सुरकुतलेले, काळपट, हिरवट भुरा आलेले किंवा कडू लागणारे दाणे निवडून टाकावेत. कूट करण्यापूर्वी दाणे निवडता येतात. कूट झाल्यावर चांगले-वाईट एक होते. बाजारातून तयार कूट आणण्यापेक्षा दाणे आणून घरी कूट करणे यासाठीच बरे.

घरच्या शेंगा साठवताना त्या हलवल्या की आत दाणा खुळखुळला पाहिजे. भात, ज्वारी, मका यांचा दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. तो दबला तर आत ओलावा आहे असे समजावे. शास्त्रीय भाषेत धान्यातील ओलावा साधारण 12 ते 14 टक्क्यांच्या आत असावा. शेंगांमध्ये तो त्याहूनही कमी, 8 टक्क्यांच्या आसपास लागतो. पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत.

वरीच्या तांदळाविषयी विशेष सूचना

आपल्या डोंगरउतारावर पूर्वी नाचणीबरोबर वरी हमखास घेतली जाई. राज्याच्या इतर भागांत तिला भगर म्हणतात. उपवासाचा हा पदार्थ पचायला हलका आणि चांगला आहे. परंतु एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र आले की राज्यात कोठे ना कोठे भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहात भगर व आमटीचा प्रसाद घेतलेले शेकडो लोक एकाच रात्री आजारी पडले. जागा अपुरी पडल्याने झाडांना दोर बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. ती छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील.

प्रत्येक प्रसंगाचे कारण वेगळे असू शकते. पण ओलसर हवेत ठेवलेल्या भगरीवर ‘ॲस्परजिलस’ जातीची बुरशी सहज वाढते आणि तिची विषारी द्रव्ये तयार होतात, हे अन्न व औषध प्रशासनाने वेळोवेळी निदर्शनास आणले आहे. पीठ केल्यावर तर धोका वाढतो, कारण पीठ हवेतील ओलावा लवकर शोषून घेते. आषाढी एकादशी आपल्याकडे ऐन पावसात येते, तेव्हा पुढील काळजी घ्यावी.

सुट्या पोत्यातील वरी न घेता मुदतीची तारीख असलेले पाकीट घ्यावे. लागेल तेवढीच आणावी. मागच्या उपवासाची उरलेली पुढच्या उपवासाला ठेवू नये. घरी आणल्यावर निवडून, स्वच्छ करून कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पीठ हवे असेल तर त्याच दिवशी लागेल तेवढे दळावे. भुरा, जाळी, गुठळ्या किंवा कुबट वास आढळला तर वापरू नये. सार्वजनिक प्रसाद असेल तर शिजवण्यापासून वाढण्यापर्यंतचा वेळ कमीत कमी ठेवावा.

माणसाला नको ते म्हशीलाही नको

आता थोडा नाजूक विषय. बुरशी आलेली भाकरी, भिजलेला मका किंवा बुरसटलेली पेंड आपण सहसा उकिरड्यावर टाकत नाही, दावणीला घालतो. ‘जनावराला काय होते?’ असा आपला समज असतो. जनावरालाही होते. त्याची भूक मंदावते, दूध घटते, यकृत बिघडते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अफ्लाटॉक्सिन पोटात गेलेल्या गाई-म्हशीच्या दुधात त्याचाच एक प्रकार उतरतो. दूध तापवल्याने तो जात नाही. म्हणजे सकाळी दावणीत टाकलेले विष एक-दोन दिवसांत आपल्याच मुलाच्या पेल्यात परत येऊ शकते. कोल्हापूर जिल्ह्याचा संसार मोठ्या प्रमाणात दुधावर चालतो. घरोघरचे दूध डेअरीत एकत्र होते, त्यामुळे हा प्रश्न एकट्या घराचा राहत नाही. बुरशीचे अन्न व वैरण खड्ड्यात पुरावी, जनावरांपुढे टाकू नये.

फ्रिज आणि गेलेली वीज

फ्रिज म्हणजे कपाट नव्हे आणि दवाही नव्हे. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते एवढेच. आत 5 अंशांच्या खाली तापमान असेल तरच तेवढाही उपयोग होतो. पावसाळ्यात हवा गार असते म्हणून थंडपणाचा आकडा कमी करून ठेवणे योग्य नाही. फ्रिज ठासून भरू नये. भांड्यांमधून थंड हवा खेळली पाहिजे. कच्चे मटण, चिकन, मासे नेहमी खालच्या कप्प्यात झाकून ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाणी शिजवलेल्या अन्नावर ठिबकत नाही. शिजवलेले अन्न दोन दिवसांत संपवावे. गरम करताना लागेल तेवढेच काढून वाफा येईपर्यंत तापवावे. सगळे पातेले रोज तापवून रोज परत ठेवू नये.

आपल्याकडे खरा प्रश्न विजेचा आहे. झाडाची फांदी तारांवर पडली की वाडीवस्तीवर कधी कधी दिवसभर वीज येत नाही. दार उघडले नाही तर फ्रिजमधील थंडावा सुमारे चार तास टिकतो. म्हणून वीज गेली की दार उघडू नये, मुलांनाही बजावावे. चार तासांपेक्षा जास्त वेळ वीज नसेल तर दूध, शिजवलेल्या भाज्या, भात, मांस-मासे यांचा मोह सोडावा. लोणचे, लोणी, अख्खी फळे, कच्च्या भाज्या यांना सहसा काही होत नाही. बर्फाचा कप्पा पूर्ण भरलेला व बंद असेल तर तो सुमारे दोन दिवस, अर्धा भरलेला असेल तर एक दिवस दम धरतो.

आपण गावी गेलो असताना वीज जाऊन परत आली तर कसे कळणार? त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. वाटीत पाणी घेऊन बर्फाच्या कप्प्यात त्याचा बर्फ करावा आणि वर एक नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर ठीक. नाणे बर्फात खाली रुतलेले दिसले, तर मध्ये बर्फ वितळून पुन्हा गोठला असे समजावे आणि आतील अन्न टाकावे.

पुराचे पाणी लागलेले धान्य

धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीकाठची गावे सावध होतात. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चे महापूर कोणी विसरलेले नाही. पूर ओसरल्यावर भिजलेले धान्य धुऊन, वाळवून वापरण्याचा मोह होतो, कारण वर्षाची पुंजी त्यात असते. परंतु पुराच्या पाण्यात संडासाचे पाणी, मेलेली जनावरे, शेतातील औषधे सर्व मिसळलेले असते आणि भिजलेल्या पोत्याला एक-दोन दिवसांत बुरशी धरते. असे धान्य, पीठ, डाळी, झाकणाच्या बरण्या यांतील काहीही वापरू नये. पंचनामा होईपर्यंत बाजूला ठेवावे आणि नंतर पुरावे. फक्त कारखान्यात सीलबंद केलेले, न फुगलेले, न गंजलेले पत्र्याचे डबे वरून साबणाने व नंतर क्लोरीनच्या पाण्याने धुऊन वापरता येतात.

बिनदिक्कत टाकावे असे काही

कात्रण काढून स्वयंपाकघरात लावता यावे म्हणून थोडक्यात देतो.

1. दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेला भात, आमटी, रस्सा, दुधाची मिठाई.
2. बुरशी आलेला कोणताही मऊ पदार्थ, पीठ, सुके खोबरे.
3. भुरा आलेले किंवा कडू शेंगदाणे, आणि खवट वास येणारे तेल.
4. फुगलेला डबा किंवा फुगलेले पाकीट. हे उघडून चाखूही नये.
5. तडकलेली, घाण चिकटलेली किंवा कुजका वास येणारी अंडी.
6. हिरवे पडलेले बटाटे. त्यातील विष शिजवून जात नाही.
7. चार तासांहून अधिक वीज गेल्यानंतरचे फ्रिजमधील दूध व शिजवलेले अन्न.
8. ज्याविषयी घरात दोन मते आहेत असे कोणतेही अन्न.

शिळे कोणाच्या ताटात?

अन्न टाकणे पाप आहे असे आपण मानतो आणि ती भावना मला मोलाची वाटते. पण घरात उरलेले अन्न शेवटी कोणाच्या ताटात जाते, हे कधी पाहिले आहे काय? मुलांना ताजे वाढले जाते, पुरुषांना ताजे वाढले जाते. कालची भाजी, परवाची आमटी सासूबाई किंवा सूनबाई मुकाट्याने खातात. सून गरोदर असेल, तर हे अधिक गंभीर आहे. ‘लिस्टेरिया’ नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदर स्त्रीला साधा ताप आणून पोटातील बाळाला मोठा अपाय करू शकतो. गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध माणसे आणि मधुमेहाचे रुग्ण यांना शिळे अन्न देऊच नये. उरलेले ज्याला आपण मुलाच्या ताटात वाढणार नाही, ते घरातल्या बाईनेही खाऊ नये. घरातील पुरुषांनी हे स्वतःहून सांगितले तर बरे.

अन्नाचा मान राखायचा तर तो चुलीपाशी राखावा. माणसे मोजून तांदूळ घ्यावेत. भात कमी पडला तर भाकरी आहे. उरला तर मात्र प्रश्न आहे. कार्यात उरलेले अन्न त्याच वेळी, गरम असताना वाटून टाकावे. दुसऱ्या दिवशी वाटणे हे दान नव्हे.

विषबाधा झालीच तर

उलट्या-जुलाब सुरू झाले की शरीरातील पाणी व क्षार कमी होतात आणि खरा धोका त्याचाच असतो. जलसंजीवनीचे पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहावे. लहान बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. जुलाब थांबवण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. शौचातून रक्त पडणे, उलटी न थांबणे, सहा तासांत लघवी न होणे, मुलाचे डोळे खोल जाणे, जास्त ताप, दोन-दोन दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एकाच जेवणानंतर अनेक जण आजारी पडले असतील, तर उरलेले अन्न मात्र फेकू नये. ते झाकण लावून बाजूला ठेवावे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना तपासणीसाठी द्यावे. कारण कळले तर पुढच्या पंगतीतील माणसे वाचतात.

वाचकहो, हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एवढेच करा. स्वयंपाकघरातील शेंगदाण्याचा, वरीचा आणि खोबऱ्याचा डबा उजेडात नेऊन उघडा, तळापर्यंत हात घाला आणि पाहा. डबे रिकामे करून पुसा, तव्यावर शेकून कोरडे करा आणि मगच भरा. पाऊस अजून बराच पडायचा आहे.